शोकाचा उपयोग काय?

मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी या गावी आपल्या शेतावरील घरात विश्रांतीचे दिवस कंठीत असलेल्या ऐंशी वर्षांच्या जॉन ॲडम्सने १८१६ च्या मार्च महिन्यात थॉमस जेफरसन या आपल्या जुन्या मित्राला, आणि मधली काही वर्षे जुन्या वैऱ्याला, पत्रातून एक प्रश्न घातला. पुन्हा पाळण्यात जाऊन हेच आयुष्य, आहे त्या सगळ्या सुखदुःखांसकट, पहिल्यापासून जगायला मिळाले तर तुम्ही ते जगाल काय? प्रश्न विचारणारा अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष, ज्याला विचारला तो तिसरा. दोघांनी मिळून ज्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याची घोषणा घडवून आणली त्याला आता चाळीस वर्षे होत आलेली, आणि दोघांच्याही घरांतून बरीच माणसे उठून गेलेली. जेफरसनने व्हर्जिनियातील माँटिसेलोच्या टेकडीवरून ८ एप्रिलला उत्तर धाडले की होय, जगेन; आशेला नावेच्या नाळेवर बसवून आणि भीतीला मागल्या लाटांच्या हवाली करून मी माझी नाव हाकीत आलो आहे. परंतु एवढ्या प्रसन्न कबुलीनंतर त्याच पत्रात त्याने एक शंका उपस्थित केली, आणि ती मला त्या दोघांच्या सगळ्या पत्रव्यवहारातील सर्वांत खरी शंका वाटते. मनुष्याचे इतर सारे विकार मर्यादेत राहिले तर कोणत्या ना कोणत्या कामी येतात. मग शोक हाच एक विकार विधात्याने कशाकरिता निर्माण केला असावा?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही असे आपण चटकन म्हणून टाकतो. सांख्यांनी आपल्या शास्त्राचा आरंभच त्रिविध दुःखाच्या आघातापासून केला, गीतेच्या पहिल्या अध्यायाला विषादाचा योग असे नाव मिळाले, आणि कुंतीने तर कृष्णापाशी विपत्तीच मागून घेतल्या, कारण विपत्तीत तो भेटतो. पण बारकाईने पाहिले तर जेफरसनचे विचारणे निराळे आहे. दुःखाचे मूळ कशात आणि त्याची निवृत्ती कशाने, हा आपला प्रश्न; शोकाचे काम काय, हा त्याचा. अठराव्या शतकातील ज्या बुद्धिवादी आस्तिकांमध्ये तो वाढला त्यांचे विश्व हे एका कुशल कारागिराने बसविलेले घड्याळ होते; त्यातील एकही चाक निकामी असून चालणार नव्हते; आणि बायको तेहेतिसाव्या वर्षी गेली, सहा अपत्यांपैकी पाच गेली, एक मुलगी तेवढी उरली, या सगळ्यांतून आपल्याला जे भोगावे लागले ते चाक नेमके काय फिरवते हे त्या गृहस्थाला चौतीस वर्षे विचार करूनही समजले नव्हते. आपल्याकडे समाचाराला येणारी मंडळी पडवीत बसून, ‘देवाच्या मनात होते’ म्हणतात आणि चहा घेऊन उठतात. जेफरसनला देवाच्या मनात काय होते तेच हवे होते.

ॲडम्सकडे याचे उत्तर होते. ते त्याने ६ मे १८१६ च्या लांबलचक पत्रात दिलेही. परंतु त्या उत्तराची किंमत ठरविण्याआधी ते कोणत्या घरात लिहिले गेले हे पाहिले पाहिजे, कारण तत्त्वज्ञान आणि तत्त्वज्ञाचे घर यांची फारकत करून विचार करण्याची जी विद्यापीठीय रीत आहे ती निदान शोकाच्या बाबतीत तरी मला मंजूर नाही.

ब्रेनट्री या गावी १७३५ साली जन्मलेल्या जॉन ॲडम्सचा बाप शेतकरी होता, हिवाळ्यात जोडे शिवीत असे, आणि गावच्या चर्चचा डीकन म्हणून मानाचा हुद्दा बाळगून होता. थोरल्या मुलाने हार्वर्डला जाऊन धर्मोपदेशक व्हावे ही त्याची इच्छा. मुलगा हार्वर्डला गेला, पण त्या सुमारास गावच्या उपदेशकाच्या मतांवरून असे रण माजले होते, आणि त्या तंट्याच्या बैठका त्यांच्याच घरी अशा रंगत होत्या, की धर्मशास्त्र म्हणजे कायमची कज्जेदलाली अशी त्याची खात्री पटली. कज्जेदलालीच करायची तर उघडपणे करावी म्हणून असेल, त्याने वकिली पत्करली. मनुष्य जन्मतःच पापात बुडालेला आहे आणि कोणाचा उद्धार व्हायचा हे देवाने सृष्टीपूर्वीच ठरवून ठेवले आहे, हा कॅल्विनचा कठोर सिद्धांत त्याने पुढे साफ नाकारला. पण सिद्धांत नाकारणे आणि त्या सिद्धांताने घडविलेली शिस्त अंगातून काढून टाकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या मुलांच्या वाट्याला आले.

१७६४ मध्ये त्याने वेमथच्या धर्मोपदेशकाची कन्या अबिगेल स्मिथ हिच्याशी लग्न केले. ही बाई शाळेचे तोंड न पाहिलेली, परंतु लेखणी अशी की तिची पत्रे आज नवऱ्याच्या ग्रंथांपेक्षा अधिक वाचली जातात. त्या दोघांच्या परस्परांना लिहिलेल्या पत्रांची संख्या अकराशेच्या वर आहे, आणि संख्या एवढी मोठी असण्याचे कारण मोठे खेदकारक आहे: ती दोघे फार काळ एकत्र नव्हतीच. राष्ट्राच्या कामासाठी नवरा आधी फिलाडेल्फियात, मग पॅरिस, ॲमस्टरडॅम, हेग. बायको ब्रेनट्रीत शेती पाहते, देणी फेडते, पोरांना देवी टोचून घेते. सुसाना नावाची मुलगी तेरा महिन्यांची होऊन १७७० च्या फेब्रुवारीत गेली. १७७७ च्या जुलैत मुलगी मृत जन्मली तेव्हा बाप तीनशे मैलांवर काँग्रेसमध्ये होता. उरलेली चार: नॅबी या लाडक्या नावाने ओळखली जाणारी थोरली अबिगेल, जॉन क्विन्सी, चार्ल्स आणि थॉमस.

चार्ल्स हा सुसानाच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी जन्मला. सर्वांत देखणा, सर्वांत गोड बोलणारा, कोणाच्याही घरात गेला की त्या घरचा होऊन जाणारा. नऊ वर्षांचा असताना बापाने त्याला थोरल्या भावाबरोबर युरोपात नेले. गळक्या जहाजाने त्यांना फ्रान्सऐवजी स्पेनच्या किनाऱ्यावर सोडले आणि ऐन हिवाळ्यात खेचरांवरून डोंगर ओलांडावे लागले. जॉन क्विन्सी त्या प्रवासात मुत्सद्दी झाला. चार्ल्सला आईची आठवण येत राहिली आणि शेवटी १७८१ मध्ये त्याला एकट्याला परत पाठविण्यात आले. घरी पोहोचायला त्याला पाच महिने लागले. पुढे हार्वर्ड, न्यू यॉर्कमध्ये वकिली, सॅली स्मिथ या मुलीशी विवाह, दोन मुली, आणि दारू. भावाने विश्वासाने हवाली केलेली शिल्लकही त्याच्या हातून गेली.

१७९९ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष ॲडम्स न्यू यॉर्कजवळ ईस्टचेस्टरला नॅबीच्या घरी उतरला तेव्हा चार्ल्सची बायको लेकींसह तिथेच आश्रयाला आलेली होती, आणि तिच्या तोंडून त्याला मुलाची सगळी कैफियत ऐकावी लागली. त्यानंतर अबिगेलला लिहिलेल्या पत्रात त्याने दावीद राजाचा बंडखोर पुत्र अबशालोम याची आठवण काढली. अबशालोमाच्या अंगी निदान महत्त्वाकांक्षा तरी होती, काही धडाडी होती. माझ्याजवळ आहे तो निव्वळ पशू. मी त्याचा त्याग करतो. पुत्रत्वातून बेदखल करण्याचा हुकूम इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच लिहिला गेला असेल.

या हुकमाकडे मी पुष्कळदा परत येतो, आणि दर वेळी मला दोन गोष्टी अस्वस्थ करतात. पहिली अशी की हा तोच वकील होता, ज्याने १७७० च्या मार्चमध्ये बोस्टनच्या रस्त्यावर लोकांवर गोळ्या झाडणाऱ्या इंग्रज शिपायांची, सारे शहर त्यांच्या रक्ताला तहानलेले असताना, वकीलपत्रे घेतली होती. आरोपी कितीही नावडता असला तरी त्याची बाजू मांडणारा कोणीतरी असलाच पाहिजे, या एका तत्त्वासाठी त्याने स्वतःची लोकप्रियता पणाला लावली, आणि कप्तान व सहा शिपाई निर्दोष सोडवून आणले. चार्ल्सच्या खटल्याचा निकाल मात्र एकतर्फी लागला. दुसरी गोष्ट त्याने निवडलेल्या दृष्टांताची. बायबल त्याला तोंडपाठ होते. तेव्हा दावीदाने अबशालोमाविषयी शेवटी काय केले हे त्याला ठाऊक नसणे शक्य नाही. ज्या मुलाने बापाचे सिंहासन हिसकावले त्याच्या मरणाची वार्ता येताच तो वृद्ध राजा वेशीवरच्या माडीत चढून गेला, आणि विजयी सैन्य खाली उभे असताना, तुझ्याऐवजी मी का मेलो नाही, म्हणून आक्रोश करीत राहिला. ॲडम्सने कथेचा पूर्वार्ध तेवढा उद्धृत केला. उत्तरार्ध त्याच्या वाट्याला तेरा महिन्यांनी आला.

१८०० च्या नोव्हेंबरात अबिगेल वॉशिंग्टनला जाताना वाटेत न्यू यॉर्कला थांबली आणि मरणपंथाला लागलेल्या मुलाला डोळे भरून पाहून, त्याची चार वर्षांची मुलगी सुसाना हिला बरोबर घेऊन पुढे गेली. बापाची आणि मुलाची भेट पुन्हा झाली नाही. ३० नोव्हेंबरला, तीस वर्षांचा होऊन, चार्ल्स वारला. त्याच आठवड्यात अध्यक्षपदाच्या निवडणुकीची मते पडली आणि ॲडम्सच्या हातून कारभार गेला. चार्ल्स कोणाचा वैरी नव्हता, असलाच तर स्वतःचा होता, असे आईने लिहून ठेवले आहे.

पुढचा योगायोग एखाद्या नाटककाराने योजला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते. १८०१ च्या मार्चमध्ये अध्यक्षपदावर येताच जेफरसनच्या टपालात ॲडम्ससाठी आलेले काही कागद सापडले आणि त्याने ते न वाचता क्विन्सीला पाठवून दिले. ॲडम्सने २४ मार्चला पोच दिली: ते कागद तुम्ही वाचले असतेत तर तुम्हालाही घटकाभर विषण्णता आली असती, कारण ते माझ्या एका मुलाच्या अंत्यविधीविषयीचे आहेत, जो एके काळी माझ्या डोळ्यांचा आनंद होता, आणि ज्याचा अंत ज्या कारणांनी झाला ती माझ्या आयुष्यातील सर्वांत खोल यातना आहे. ज्याने आपल्याला पदच्युत केले त्यालाच, पद सोडल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, ‘मी त्याग करतो’ असे ज्याविषयी लिहिले त्या मुलाबद्दल हे लिहिले गेले. त्यानंतर त्या दोघांचा पत्रव्यवहार अकरा वर्षे बंद पडला. मधल्या काळात, १८०४ मध्ये, जेफरसनची मुलगी मारिया गेली तेव्हा अबिगेलने नवऱ्याच्या नकळत त्याला सांत्वनाचे पत्र लिहिले. ती मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना लंडनमध्ये काही दिवस तिच्या पदराखाली राहून गेली होती. पण त्या दोघांतला तो पत्रसंवादही पुढे राजकारणात अडकला आणि थांबला.

दोघा म्हाताऱ्यांचा समेट घडवून आणला तो फिलाडेल्फियाचा वैद्य बेंजामिन रश याने, आणि १८१२ च्या पहिल्या दिवशी ॲडम्सने नवा खलिता धाडला. हाच रश अठ्ठावीस वर्षांपूर्वी मद्याच्या दुष्परिणामांवर निबंध लिहून मद्यपान ही एक व्याधी आहे असे प्रतिपादून गेला होता. ॲडम्सचा तो जिवलग स्नेही. मित्राचे हे मत त्याने मुलाच्या हयातीत कधी मनावर घेतले असे दिसत नाही. दारू हा त्याच्या लेखी शीलाचा पराभव होता, आणि पराभूत शिपायाला जी वागणूक मिळते ती चार्ल्सला मिळाली. मला येथे ॲडम्सला दोषी ठरवायचे नाही. त्या काळच्या न्यू इंग्लंडमधील बहुतेक बापांनी हेच केले असते, आणि अबिगेलचा स्वतःचा भाऊही याच व्यसनाने गेलेला असल्याने त्या घराला या वाटेचा शेवट कुठे होतो ते चांगले माहीत होते.

समेटाच्या आधी काही आठवडे नॅबीवर शस्त्रक्रिया झाली. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. रशने पत्राने सल्ला दिला की क्षणाचाही विलंब न लावता सुरी चालवावी. आणि ८ ऑक्टोबर १८११ रोजी क्विन्सीच्या घरात, वरच्या मजल्यावरील खोलीत, बोस्टनच्या डॉक्टर जॉन वॉरेनने ती चालवली. भूल देण्याचे कोणतेही साधन तेव्हा नव्हते. ईथर देऊन केलेली पहिली जाहीर शस्त्रक्रिया बोस्टनलाच १८४६ मध्ये झाली, आणि ती याच वॉरेनच्या मुलाने केली, ही गोष्ट वाचताना पस्तीस वर्षांचे ते अंतर मनाला फार बोचते. नॅबी शेहेचाळीस वर्षांची होती. ती ओरडली नाही असे सांगतात. दोन वर्षे बरी गेल्यासारखी वाटली आणि रोग परतला. तेव्हा तीनशे मैल गाडीतून हादरे खात ती १८१३ च्या जुलैत बापाच्या घरी आली, कारण मरायचे तर तिला तेथेच मरायचे होते.

ऑगस्टच्या मध्यावर ॲडम्स जेफरसनला थिओग्निस नावाच्या ग्रीक कवीविषयी लिहीत बसला होता. घोडे आणि मेंढे निवडताना लोक जातिवंतपणा पाहतात आणि लग्नात मात्र पैसा पाहतात, अशा आशयाचे त्या कवीचे वचन, त्यावर म्हाताऱ्याचे मिश्किल भाष्य, सगळे रंगात आलेले. तेथेच पत्र तुटते. ठरविल्याप्रमाणे पुढे लिहिणे माझ्याने होत नाही, असे एक वाक्य येते, आणि त्यापाठोपाठ, तुमची मैत्रीण, माझी एकुलती एक मुलगी, काल सकाळी गेली. कोणाकोणाच्या बाहूंत गेली ती सारी नावे तो मोजतो: नवरा, मुलगा, मुलगी, आई, बाप, नणंदा, भाच्या. एवढे लिहून त्याने लखोटा बंद केला.

चार्ल्सच्या मृत्यूचे त्याने केलेले वर्णन आणि हे वर्णन शेजारी ठेवून पाहावे. तिथे कारणे आहेत, यातना आहे, पण माणूस एकटा आहे. इथे सारे घर आहे.

आता १८१६ चे उत्तर. ॲडम्स म्हणतो, जेफरसन, शोकाला काम आहे आणि ते मोठे काम आहे. तरुण जोडप्यातील एकाला मृत्यूने नेले, व्यापाऱ्याचा सारा माल बुडाला, तर त्या आघाताने मनुष्य स्वतःकडे पाहायला लागतो. शोक बुद्धीला धार लावतो आणि हृदय मऊ करतो. विकारांवर विवेकाची हुकमत बसविण्याची निकड त्याच्यामुळेच उत्पन्न होते, आणि थोर पुरुषांची चित्रे नि पुतळे नीट न्याहाळले तर त्यांच्या कपाळावरील आणि गालांवरील रेषा शोकाच्या नांगरानेच ओढलेल्या आढळतात. ही नांगराची उपमा शेतकऱ्याच्या मुलाला शोभणारी आहे. जमीन नांगराने फाटते, आणि फाटल्यावाचून तिच्यात बी रुजत नाही.

उपमा सुंदर, परंतु मला ती पुरेशी वाटत नाही, आणि ॲडम्सच्याच घराच्या पुराव्याने वाटत नाही. त्याने दिलेली उदाहरणे पाहा: प्रियजनाचा मृत्यू, संपत्तीचा नाश. दोन्ही बाहेरून येणारे घाव आहेत. नॅबीचा मृत्यू तसा होता. बापाने करता येईल ते सर्व केले होते, आपल्या छपराखाली तिला सुरीखाली आणि नंतर मृत्यूखाली झोपलेली पाहिले होते, आणि जे उरले ते निखळ वियोगाचे दुःख होते. असे दुःख कालांतराने शहाणपणात मुरते, हे खरे. परंतु ज्या शोकात आपला स्वतःचा निकाल मिसळलेला असतो, ज्यात मेलेला माणूस आपण त्याला आधीच मृत ठरवल्यानंतर मेलेला असतो, तो शोक कोणत्या जमिनीत मुरावा? मराठीत आपण शोक आणि पश्चात्ताप हे दोन शब्द वेगळे ठेवतो ते उगाच नाही. शोकाला फक्त काळ लागतो. पश्चात्तापाला दुसरा पक्षकार हजर लागतो, आणि चार्ल्स आता कोणत्याही समन्सला हजर होणार नव्हता. ॲडम्सचे शोकशास्त्र नॅबीसाठी खरे आहे. चार्ल्ससाठी ते रुजू करता येत नाही. आणि लिहिणारा हे जाणत होता असे मला वाटते, कारण नांगर, पुतळे आणि व्यापारी यांच्या त्या सगळ्या सुरेख मिरवणुकीत तरुणपणी व्यसनाने वाहवलेल्या पुत्राचे उदाहरण कोठेच येत नाही.

जेफरसन मुत्सद्दी होता. त्याने उपयोगाचा सिद्धांत आदराने ऐकून घेतला. पुढे सप्टेंबरात शोकाच्या दुरुपयोगाविषयी ॲडम्सचे जे पत्र गेले त्यात त्याचा जुना चिडखोर स्वभाव पुन्हा उसळून आलेला दिसतो. वॉशिंग्टन वारला तेव्हा देशभर जो आक्रोश झाला, जी व्याख्याने, प्रवचने आणि नकली प्रेतयात्रा झाल्या, त्या वॉशिंग्टनवरील प्रेमाने नव्हे, तर सरकारी कर्ज आणि बँका यांची पेढी सावरण्यासाठी, आणि इतर देशसेवकांना अंधारात ढकलण्यासाठी! हे इतर देशसेवक कोण, हे वाचकाला सांगायला नको. ॲडम्सच्या अंगी अनेक गुण होते, त्यात स्वतःला विसरण्याचा गुण नव्हता. पण त्याच पत्रात तो एका दमात याहून पुष्कळ उंच चढतो. मानवजातीने जपून ठेवलेला शोकाच्या दुरुपयोगाचा सर्वांत घातक नमुना म्हणजे क्रूस, असे तो लिहितो. त्या शोकयंत्राने जगावर कोणकोणते अनर्थ ओढवले ते आठवा, असे बजावतो. डीकनच्या मुलाने हे लिहावे! एकाच्या मरणाचा शोक शतकानुशतके जिवंत ठेवून त्याच्या नावाने इतरांना मारता येते, हे त्याने ओळखले होते. आणि ही ओळख, माझ्या मते, त्याच्या उपयोगाच्या साऱ्या मीमांसेपेक्षा अधिक टिकाऊ आहे.

या घराचा एक धागा आपल्यापर्यंत येऊन पोहोचतो. नॅबीच्या मृत्यूला चार महिने झाले असताना, १८१३ च्या नाताळच्या दिवशी, ॲडम्सने जेफरसनला हिंदूंच्या ‘शास्त्रा’विषयी लिहिले. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज विद्वानाने मोशेच्या आणि हिंदूंच्या धर्मसंस्थांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला होता, आणि त्यात बंगालचा एके काळचा इंग्रज गव्हर्नर हॉलवेल, कलकत्त्याच्या अंधारकोठडीची कथा सांगणारा तोच, याने प्रसिद्ध केलेल्या एका हिंदू शास्त्राचे उतारे होते. ईश्वर एक आहे, अनाद्यनंत आहे, त्याच्या स्वरूपाचा शोध घेण्याच्या भरीस पडू नये, त्याची कृती पाहून संतोष मानावा, असा त्या उताऱ्यांचा भाव. याहून शुद्ध ईश्वरशास्त्र आणि याहून खोल तत्त्वज्ञान कुठे सापडेल, असे ॲडम्सने विचारले. हॉलवेलच्या त्या शास्त्राचे मूळ आपल्या कोणत्याही ग्रंथात पंडितांना सापडलेले नाही, ही गोष्ट वेगळी. तो गृहस्थ फार भरवशाचा साक्षीदार नव्हता. पण क्विन्सीच्या त्या म्हाताऱ्याने हे वाक्य त्या वर्षीच का उचलून धरले असावे, हे समजण्याला पंडित लागत नाही. स्वरूप शोधू नका, हे ज्याला मुलीच्या उशाशी बसून ऐकावे लागले आहे त्यालाच त्याचे समाधान वाटते.

तरी त्याचे समाधान एका अटीवर उभे होते. वॅन डर केम्प नावाच्या, हॉलंडहून येऊन अमेरिकेत वसलेल्या धर्मोपदेशक मित्राला १८१६ च्या डिसेंबरात त्याने लिहिले की परलोक नाही हे एकदा सिद्ध होऊ द्या, म्हणजे मी प्रत्येक पुरुषाला, बाईला आणि पोराला एकच सल्ला देईन: अफू घ्या. म्हणजे सहा-सात महिन्यांपूर्वी शोकाचे सारे लाभ मोजून दाखविणारा हा हिशेबनीस कबूल करतो की या जगापुरताच हिशेब करायचा असेल तर जमाखर्च जुळत नाही. शोकाने बुद्धी तीक्ष्ण होते खरी, पण ती तीक्ष्ण बुद्धी मरणाबरोबर मातीतच जायची असेल तर नांगर चालवला कशाला? आपल्याकडे पुनर्जन्माच्या खातेवहीने ही अडचण सोडविली. बाकी पुढच्या पानावर ओढता येते, म्हणून चालू पानावरची तूट आपल्याला फारशी भीती घालीत नाही, आणि कदाचित म्हणूनच शोकाचा उपयोग विचारण्याची पाळीही आपल्यावर फारशी आली नाही. ॲडम्सजवळ दुसरे पान एकच होते आणि त्यावर काय लिहिले आहे हे त्याला माहीत नव्हते.

ते त्याने प्रामाणिकपणे सांगितले. आपल्याकडे पेशवाई संपली त्या १८१८ च्या ऑक्टोबरात अबिगेलला विषमज्वर झाला. चोपन्न वर्षांची सोबतीण अखेरच्या घटका मोजते आहे आणि तिला बोलण्याची किंवा तिच्याशी बोलण्याची डॉक्टरांनी बंदी केली आहे, असे नवऱ्याने जेफरसनला कळवले. २८ तारखेला ती गेली. जेफरसनने या वेळी शोकाचा उपयोग विचारला नाही. काळ आणि मौन यांखेरीज या दुखण्यावर औषध नाही हे मी स्वतः भोगून शिकलो आहे, म्हणून निरर्थक शब्दांनी तुमची जखम पुन्हा उघडत नाही, एवढे त्याने लिहिले. आणि शेवटी, जे आपल्याला प्रिय होते आणि आपण गमावले त्यांच्या भेटीला जाण्याचा दिवस आता फार दूर नाही, अशी पुस्ती जोडली. ॲडम्सचे उत्तर ८ डिसेंबरचे. पुढच्या लोकी आपण एकमेकांना भेटू आणि ओळखू, याला मजजवळ प्रत्यक्ष पुरावा नाही, धर्मग्रंथातही स्पष्ट हवाला सापडत नाही. तरी मी ते निःसंशय मानतो, कारण माणसासारखा प्राणी केवळ येथे जगण्यासाठी आणि मरण्यासाठी घडविणारा देव मला कल्पिता येत नाही. आणि परलोक नसेल तर मी देवही मानणार नाही. मुलाच्या खटल्यात पुराव्याशिवाय निकाल देणाऱ्या वकिलाने पत्नीच्या बाबतीत पुराव्याशिवाय विश्वास ठेवला, आणि या वेळी पुरावा नाही हे आधी लिहून दिले.

शोकाचा उपयोग काय, या प्रश्नाला त्या घराने दिलेले दुसरे एक उत्तर मात्र कोणत्याही पत्रात लिहिलेले नाही. चार्ल्सची बायको सॅली आणि तिच्या मुली यांना ॲडम्स दांपत्याने आश्रय दिला. सॅली म्हातारा सासरा असेपर्यंत त्याच्याच घरी राहिली. थोरली नात सुसाना लग्नानंतर विधवा झाली तेव्हा आपल्या मुलीसह तीही तेथेच परत आली. ॲडम्सची नजर गेली होती आणि हात असे थरथरत की लेखणी धरवत नसे. त्याची अखेरच्या वर्षांतील पत्रे घरच्या मुली आणि नाती त्याच्या तोंडून ऐकून उतरून घेत. ज्या मुलाशी त्याने संबंध तोडला होता त्याची मुलगी त्याच्या जवळ बसून लिहीत होती.

१८२६ च्या ४ जुलैला, स्वातंत्र्याच्या घोषणेला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, माँटिसेलोला दुपारी जेफरसन गेला आणि क्विन्सीला संध्याकाळी ॲडम्स गेला. वॉशिंग्टनमध्ये त्या वेळी जॉन क्विन्सी अध्यक्ष होता. तो घरी पोहोचण्याआधीच सारे उरकले होते. क्विन्सीच्या घरातील त्या शेवटच्या दिवसाची हकीकत आपल्याला कळते ती सुसानाने आपल्या धाकट्या बहिणीला त्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रावरून. दोघी चार्ल्सच्या मुली.